मामांच्या स्लाइड आणि एप्सन व्ही600 : चित्रासोबत चौकटही जपणारा स्कॅनर

एप्सन परफेक्शन व्ही600 हा फ्लॅटबेड स्कॅनर मी एकाच कामासाठी घेतला आणि त्या कामावरूनच त्याला जोखणार आहे. माझे मामा डॉक्टर होते. देवी (स्मॉलपॉक्स) या रोगाच्या निर्मूलन मोहिमेत ते आधी बांगलादेशात, मग इथिओपियात आणि शेवटी सोमालियात होते. पुढे निवृत्त होईपर्यंत लसींची शीतसाखळी, म्हणजे त्या शेवटपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, कशी सांभाळायची याचं प्रशिक्षण देत ते देशोदेशी फिरत राहिले. ते गेले तेव्हा मागे राहिले स्लाइडचे (छोट्या चौकटीत बसवलेल्या फिल्मवरच्या चित्रांचे) डबे, एरोग्रामच्या (घडी घालून पाठवायच्या हवाई पत्रांच्या) चळती, जुने पासपोर्ट, परदेश प्रवासाला लागणारी लसीकरणाची पिवळी पुस्तिका, नोंदवह्या आणि पत्त्यांची एक जाडजूड वही. त्या वहीतली माणसं जगभर पांगलेली. काही नव्वदीला टेकलेली, प्रवास करू न शकणारी. मामीची एकच इच्छा होती. "यांचं जे काही आहे ते या सगळ्यांना बघायला मिळालं पाहिजे. ते एकट्या माझं नाही."

त्यासाठी कुठलं साधन घ्यावं यावर घरात बराच खल झाला. फोनने फोटो काढावेत असं एकाचं म्हणणं, स्लाइडपुरतं छोटं यंत्र मिळतं ते आणावं असं दुसऱ्याचं. सगळं बाहेर देऊन मोकळं व्हावं असंही सुचवून झालं. पण बाहेर देण्याचा अनुभव गाठीशी होता. मामा असतानाच एक डबा अशा कामासाठी एका ठिकाणी दिलेला होता. चित्रं आली छान, स्वच्छ, चमकदार, एकापासून क्रमाने नंबर घातलेली. मात्र पुठ्ठ्याच्या जुन्या चौकटी फेकून देऊन त्यांनी सगळ्या स्लाइड नव्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवल्या होत्या. मामांची सगळी टिपणं त्या पुठ्ठ्यांवर होती. गाव, महिना, आणि चित्रात जो जो आहे त्याचं नाव. त्या डब्यातली माणसं आता आमच्यासाठी निनावी झाली. मामांना त्याचं फार लागलं होतं. चित्रं राहिली आणि माणसं गेली, असं ते म्हणाले होते.

म्हणून या स्कॅनरमधलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं ते आधी सांगते. स्लाइडमधून प्रकाश आरपार जाऊन चित्र घेण्याची सोय याच्या झाकणात आहे आणि त्याच काचेवर साधा कागदही स्कॅन होतो. आरपार स्कॅन करताना फक्त फिल्मवरचं चित्र येतं, पुठ्ठ्यावरचं अक्षर येत नाही. फक्त स्लाइडसाठी केलेल्या यंत्रांतही तेच होतं. इथे मात्र स्लाइडचे चित्र घेऊन झाले की स्लाइड धरणारा साचा, म्हणजे होल्डर, बाजूला काढायचा, झाकणातली पांढरी पाटी परत बसवायची, त्याच स्लाइड काचेवर पालथ्या मांडायच्या आणि चौकटीही स्कॅन करायच्या. काचेवर ए4 कागदाएवढी जागा असल्याने पुठ्ठे एका वेळी बरेच मावतात. मी चित्राच्या फाइलला जे नाव देते तेच चौकटीच्या फाइलला, फक्त शेवटी 'अ' आणि 'ब' एवढा फरक. आता कुणी कुठलंही चित्र मागितलं की त्याच्या शेजारी मामांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर असतंच.

काय असायचं त्या चौकटींवर? मोठ्या माणसांची नावं जवळजवळ नाहीतच. ड्रायव्हर, दुभाष्या, टोचणारी पोरं, खेचरं हाकणारा, रात्री पडवीत झोपू देणारी घरधनीण. इथिओपियातल्या एका स्लाइडवर डोंगराच्या कडेने चाललेली माणसांची ओळ आहे. चित्रात ती नखाएवढी दिसतात, पण पुठ्ठ्यावर डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचं नाव आहे आणि शेवटी 'मी मागे, कॅमेरा धरून'. नावं इथे देत नाही, त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. पण ही एक स्लाइड बघितली की मामा बाहेर राहून काय करत होते ते मला कुठल्याही प्रशस्तिपत्रापेक्षा जास्त कळतं.

आता यंत्राकडे वळते. एका वेळी चौकटीतल्या चारच स्लाइड होल्डरमध्ये बसतात. डबेच्या डबे असतील तर हे काम सबुरीचं आहे. एलईडी दिवा असल्याने यंत्र तापायची वाट बघावी लागत नाही, ही जमेची बाजू. खोक्यावर 6400 डीपीआय (एका इंचात किती ठिपके) लिहिलेलं असतं, त्या आकड्याच्या नादी लागू नका. फ्लॅटबेड कुठलाही असो, एका मर्यादेपुढे फाइल फुगते आणि तपशील तेवढाच राहतो. मी स्लाइड 3200 वर करते. 36 बाय 24 मिलिमीटरच्या चित्राचे त्यात सुमारे 1 कोटी 37 लाख पिक्सेल होतात, आणि 24 बिटची टिफ फाइल साधारण 40 एमबीची. पुठ्ठ्याच्या चौकटी आणि कागदी फोटो 600 वर, टंकलेखन केलेली पत्रं 300 वर पुरतात. मूळ फाइल टिफमध्ये ठेवून लोकांना पाठवायला वेगळी जेपीईजी प्रत काढते.

धूळ काढायची एक सोय यात आहे. अवरक्त किरणांनी धूळ ओळखायची आणि तेवढी जागा आजूबाजूच्या रंगांनी भरायची. बहुतेक रंगीत फिल्मला हे उत्तम चालतं. पण मामांच्या बऱ्याच स्लाइड कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मच्या आहेत आणि तिथे सावध राहावं लागतं. त्या फिल्मचे रंग अवरक्त किरण थोडे अडवतात. मग यंत्राला गडद बारकावेसुद्धा धूळ वाटू शकतात. कृष्णधवल फिल्ममध्ये तर चांदीच असते, ती हे किरण पारच अडवते, तिथे ही सोय बंदच ठेवायची. कुठल्याही कंपनीचं यंत्र घेतलं तरी या पद्धतीला ही मर्यादा आहेच. बांगलादेशातल्या एका स्लाइडमध्ये एका हातात सुई आहे, दंडापासून बोटभर अंतरावर. ही सोय चालू ठेवून स्कॅन केलं तर सुईचं टोक विरघळल्यासारखं दिसतं. बंद केल्यावर टोक आलं, सोबत धुळीचे ठिपकेही आले. मला ठिपके चालतात. फुंकणीने हलकेच हवा मारायची आणि उरलेले ठिपके राहू द्यायचे.

कारण त्या टोकातच सगळी गोष्ट आहे. देवीची ती सुई टोकाशी दुभंगलेली असे. लसीत बुडवली की दोन दात्यांमध्ये एक थेंब अडकून राहायचा. मग दंडावर पटापट पंधरा टोचे. यंत्र नको, वीज नको, आणि जेमतेम लिहिता येणाऱ्या माणसालाही थोड्या वेळात शिकवता येईल इतकं सोपं. लसही आधीच्या पद्धतीच्या मानाने फारच कमी लागायची. 1967 पासून जोर धरलेल्या मोहिमेच्या यशात या सुईचा आणि गोठवून सुकवलेल्या लसीचा मोठा वाटा होता. मामांकडे अशी एक सुई आगपेटीत कापसावर ठेवलेली होती. तीही मी याच काचेवर ठेवून स्कॅन केली. झाकण उघडं, वरून काळं कापड. दोन्ही दाते स्पष्ट आले.

हे जमतं ते यात चित्र टिपायला सीसीडी जातीचा सेन्सर असल्यामुळे. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. तो काचेला चिकटलेलं तेवढंच नीट टिपतो, जरा वर उचललेलं असलं की धूसर. सीसीडीला थोडी खोली मिळते. सुई, बिल्ला, पासपोर्टच्या मधल्या शिवणीजवळचा शिक्का, कागदावर उठवलेली मोहर, असलं सगळं त्यामुळे वाचता येतं. ज्याच्या आयुष्याचा निम्मा पुरावा पासपोर्टच्या शिक्क्यांत आहे त्याच्यासाठी ही बाब फार महत्त्वाची. मामांकडे संयुक्त राष्ट्रांचं निळं प्रवासपत्रही होतं. त्याची पानं उघडून सपाट दाबली असती तर शिवण तुटली असती, म्हणून अर्धवट उघडंच ठेवलं. तरी अक्षर लागतं.

तारखा लावणं हे मोठं काम होतं. कोडाक्रोमच्या पुठ्ठ्यावर बऱ्याचदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, पण ते फिल्म धुतल्याचं असतं, चित्र काढल्याचं नव्हे. दुर्गम भागातून रोल बाहेर पडायलाच महिने लागायचे, त्यामुळे फेब्रुवारी 1977 असा छाप असलेली स्लाइड आदल्या पावसाळ्यातली निघते. तेव्हा छापलेला महिना, मामांचं टिपण आणि पासपोर्टचा शिक्का असं तिन्ही समोर ठेवून तारीख ठरवायची. इथिओपियातल्या कागदांवर 1968 असं साल दिसेल. तिथली कालगणना सात-आठ वर्षं मागे चालते, त्यामुळे ऑगस्टातल्या कागदावरचं 1968 म्हणजे आपलं 1976. देवीचा इथिओपियातला शेवटचा रोगी त्याच ऑगस्टात, ओगाडेनच्या वाळवंटी भागात सापडला. मामांची त्या महिन्याची नोंदवही पाण्याने भिजून फुगलेली आहे. ती स्कॅन करताना प्रत्येक पानामागे काळा कागद सरकवावा लागला, नाहीतर मागच्या बाजूचं लिखाण आरपार दिसतं. एरोग्रामलाही हीच युक्ती. तो निळा कागद इतका पातळ की मामीला लिहिलेल्या एका ओळीच्या पोटात दुसरीच ओळ दिसते. काळा कार्डपेपर मागे ठेवला की सुटं सुटं वाचता येतं.

एरोग्राममधून जे मामा दिसतात ते मी कधी पाहिले नव्हते. बांगलादेशातल्या पत्रात भोला बेटाचा उल्लेख आहे. देवीच्या उग्र प्रकाराची निसर्गतः लागण झालेली शेवटची रोगी, रहिमा बानू ही लहान मुलगी, ऑक्टोबर 1975 मध्ये त्याच बेटावर सापडली, आणि तिची खबर दिली ती बिल्किसुन्निसा नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने. मामांनी मामीला लिहिलंय की इतके डॉक्टर, इतक्या गाड्या, इतके नकाशे, आणि बातमी एका पोरीने आणली. तिच्यासारख्या हजारो जणांनी आमच्यावर विश्वास ठेवला म्हणून आम्ही इथवर आलो. शोधमोहिमेत दारोदार दाखवायचं कार्ड, अंगभर फोड आलेल्या बाळाचं चित्र असलेलं, त्याच पाकिटात निघालं. कडा बोटांनी मळून काळ्या झालेल्या आहेत. मी त्या साफ केल्या नाहीत, रंगही सुधारले नाहीत.

रंगांबद्दल थोडं. विटलेले रंग परत आणायची एक सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोडाक्रोम अंधारात ठेवलं तर रंग वर्षानुवर्षं टिकतात आणि मामांच्या त्या स्लाइड खरोखरच काल काढल्यासारख्या आहेत. बाकीच्या काही फिल्मा मात्र पार गुलाबी पडल्या होत्या. तिथे ही सोय कामी येते, आभाळ पुन्हा निळं होतं. पण मूळ फाइलवर ती कधीच वापरू नका, प्रतीवर वापरा. यंत्र अंदाजाने रंग ठरवतं, आणि कातडीच्या रंगाबाबत तो अंदाज मला तरी मान्य होत नाही. डोंगराळ भागातली उन्हाने रापलेली माणसं एकदम फिकट, नितळ दिसायला लागतात.

रोग्यांच्या चित्रांबाबत मामी आणि मी बसून ठरवलं. ती स्कॅन केली, जपून ठेवली, पण वहीतल्या लोकांना पाठवलेल्या संचात नाहीत. त्या मुलांना कुणी विचारलेलं नव्हतं आणि आता विचारता येणार नाही. ज्यांच्याकडे असे संग्रह असतील त्यांनी हा निर्णय यंत्र चालू करण्याआधी घ्यावा, कारण एकदा फाइल झाली की ती कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

पिवळ्या पुस्तिकेवर मी बराच वेळ घालवला. देवीचं पान शिक्क्यांनी भरलेलं. हे प्रमाणपत्र तीन वर्षं चालायचं, म्हणून दर तीन वर्षांनी नवा शिक्का. मग एका ठिकाणी ते थांबतं आणि खाली कोरी जागा उरते. कुठल्याही प्रकारच्या देवीची निसर्गतः लागण झालेला जगातला शेवटचा रोगी 26 ऑक्टोबर 1977 चा, सोमालियातल्या मर्का गावच्या दवाखान्यात स्वयंपाकी असलेला अली माओ मालिन. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत स्वतः गावोगाव फिरून लस घ्या म्हणून सांगू लागला. तेच काम करत असताना 2013 मध्ये मलेरियाने गेला. मामा त्याच्याबद्दल बोलताना नेहमी उभे राहायचे, हे मला लहानपणापासून आठवतं. 8 मे 1980 ला जागतिक आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं आणि त्या पुस्तिकेतलं ते पान काही काळातच निकामी झालं. ते रिकामं राहावं म्हणून मामा अर्धं जग फिरले होते. 600 डीपीआयवर त्या कोऱ्या रेघाही स्वच्छ आल्यात.

त्या मानाने पुढच्या वीसेक वर्षांचं साहित्य सरधोपट आहे. प्रशिक्षणवर्गांचे समूहफोटो, शीतपेट्या, फ्रीजचे तक्ते, विमानतळ. कागदी फोटो असल्याने भराभर झाले. समूहफोटो काचेपेक्षा मोठे असतील तर दोन भागांत घेऊन जोडावे लागतात, आणि चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढायच्या भानगडीत पडू नये, पानासकट स्कॅन करावेत. या काळातली खरी दौलत म्हणजे नववर्षाची पत्रं. जुने सहकारी एकमेकांना दरवर्षी एक पत्र फिरवायचे. प्रत्येकाने त्यात आपला मजकूर जोडायचा आणि पुढच्याकडे धाडायचं. कुणाचं लग्न, कुणाची बदली, कुणाचं आजारपण, आणि मधेच कुठल्या गावात अजून जुना ड्रायव्हर भेटला त्याची खबर. मामांनी सगळ्यांच्या छायाप्रती ठेवल्या. हे यंत्र त्या उडालेल्या छायाप्रतीही वाचण्याजोग्या काढतं, ग्रेस्केलवर ठेवून काँट्रास्ट किंचित वाढवला तर. निव्वळ काळं-पांढरं निवडलं तर फिकट अक्षर गळून पडतं.

संच पाठवल्यावर उत्तरं यायला लागली आणि आमचं काम वाढलं. डोंगराच्या कडेने चाललेल्या त्या ओळीतल्या दुभाष्याच्या मुलीने चित्र आणि चौकट दोन्ही बघून लिहिलं की तुमच्या मामांनी तिसऱ्या आणि चौथ्या माणसाची नावं उलट लिहिलीत, तिसरे माझे वडील. तिच्याकडे वडिलांचा दुसरा फोटो नव्हता. मी मोठी फाइल पाठवली, तिने तेवढाच भाग छापून घेतला. फाइलच्या माहितीत आता मामांचं मूळ टिपणही आहे आणि तिची दुरुस्तीही, कुणी केली त्या नावासकट. असं आणखी काही स्लाइडबाबत झालं. मामी ही उत्तरं मोठ्याने वाचून घेते आणि मधेच थांबवते, "हे परत वाच, यांना हा माणूस फार प्रिय होता."

मग हे यंत्र कुणी घ्यावं? ज्यांच्या घरी स्लाइड, पत्रं, पासपोर्ट, वह्या असं संमिश्र साहित्य आहे आणि मागच्या बाजूला लिहिलेलं आहे, त्यांनी नक्की घ्यावं. नुसत्या कोऱ्या चौकटींच्या हजारो स्लाइड असतील तर कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स लावून काढणं जास्त लवकर होतं. ध्वनिफितींसाठी अर्थातच वेगळं साधन लागेल. मामांच्या कॅसेटचं काम मी अजून हातात घेतलेलं नाही. फाइल किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यांतली एक घराबाहेर. मी एक प्रत मामीकडे आणि एक मामांच्या त्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाकडे ठेवली आहे.

वापरलेला स्कॅनर घेणार असाल तर स्लाइडचा होल्डर आणि झाकणातली पांढरी पाटी सोबत आहे ना ते आधी बघा, त्यांच्याविना निम्मं काम अडतं. काचेच्या आतल्या बाजूला धुरकटपणा आलाय का ते तिरप्या उजेडात तपासा. तो बाहेरून पुसून जात नाही आणि गडद स्लाइडमध्ये लगेच दिसतो.